पाणी, पैसा आणि पोरकी मुले : 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्तश्रद्धेचे स्वरूप

पदव्युत्तर वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकविताना एक प्रश्न मी बहुधा पहिल्याच तासाला विचारतो : लक्ष्मीबाई ख्रिस्ती का झाल्या? उत्तर जवळजवळ एकमुखाने येते. नवऱ्यासाठी. विद्यार्थिनी हे उत्तर किंचित कडवटपणे देतात, विद्यार्थी सहजपणे देतात, एवढाच फरक. पुस्तक संपूर्ण वाचून झाल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा विचारतो. तेव्हा मात्र वर्ग थोडा गडबडतो. कारण मूळ संहितेत या उत्तराला पुरेसा आधार सापडत नाही, आणि दुसरे उत्तर सांगण्यासाठी लागणारी भाषा आपल्या समीक्षेने विद्यार्थ्यांच्या हाती दिलेली नाही.

ही उणीव केवळ विद्यार्थ्यांची नव्हे. 'स्मृतिचित्रे'चे मराठी वाचन दोन वेगळ्या वाटांनी झाले आहे. साहित्यसमीक्षेने या ग्रंथाला विनोद, निर्व्याज निवेदन, बोलीचा गोडवा आणि एका विलक्षण दांपत्याची कथा या अंगांनी गौरविले. या गौरवात ख्रिस्तश्रद्धा ही कथानकातील एक मोठी घटना म्हणून येते, ग्रंथाचे आशयसूत्र म्हणून येत नाही. ख्रिस्ती वाचकांच्या परंपरेने हाच ग्रंथ 'साक्ष' म्हणून वाचला. त्या वाचनात बाप्तिस्म्याच्या अलीकडचा सारा भाग प्रस्तावनेसारखा होतो आणि विनोद हा अलंकार ठरतो. एका वाचनात श्रद्धा गळते, दुसऱ्यात संसार. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या ग्रंथात श्रद्धा आणि संसार यांना वेगळे काढताच येत नाही. येशूवर भरवसा ठेवल्याने सामान्य माणसाचे जीवन पालटते असे ख्रिस्ती धर्म सांगतो. ते पालटणे नेमके कोठे घडते, किती घडते आणि त्याची किंमत कोण देतो याचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक हिशेब एका गृहिणीने पाण्याच्या, पैशाच्या आणि पोरक्या मुलांच्या संदर्भात मांडून ठेवला आहे.

१

आरंभी परंपरेची थोडी आठवण करून घेणे अवश्य आहे. मराठीतील धर्मांतराच्या आत्मकथनाचा साचा बाबा पदमनजी (जन्म १८३१) यांच्या 'अरुणोदया'ने घातला. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा. त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकच रचनेचे तत्त्व सांगते : अंधार, मग हळूहळू उजाडणे. ग्रंथांचे वाचन, मिशनरी शाळा, वादविवाद, शंका आणि शंकानिरसन अशा पायऱ्यांनी तेथे मन पुढे सरकते. विचार आधी बदलतो आणि आचार त्याच्या मागून येतो. पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून वेगळा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त पुष्कळ नंतर, असे त्यांनी पुढे स्वतःच नोंदविले आहे. म्हणजे तेथे धर्मस्वीकार आधी आणि अंतरीची ओळख मागाहून.

लक्ष्मीबाईंचा क्रम तिसराच आहे. त्यांच्याकडे आचार आधी बदलला. बाप्तिस्मा नंतर आला, आणि सिद्धान्ताची भाषा तर त्यांनी फारशी वापरलीच नाही. 'तारण', 'पश्चात्ताप', 'नवा जन्म' हे मिशनच्या मराठीतील ठरलेले शब्द त्यांच्या गद्यात क्वचितच ठाशीवपणे येतात. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणून ती भाषा देशी करण्याची खटपट आयुष्यभर केली. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. लक्ष्मीबाईंना अशी खटपट करावी लागली नाही, कारण त्यांची भाषा स्वयंपाकघरातून कधी बाहेर पडलीच नव्हती. औपचारिक शालेय शिक्षण नाही, अक्षरओळख नवऱ्याकडून. आणि लेखनाला निमित्त झाले ते मुलाचे. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात अशी मागणी झाली. दुसऱ्याच्या चरित्रासाठी जमविलेली सामग्री असे या ग्रंथाचे मूळ रूप आहे. म्हणूनच की काय, 'मी कशी बदलले' हे दाखविण्याचा अट्टहास तेथे नाही. ते बदलणे नवऱ्याविषयी बोलता बोलता, जणू लेखिकेच्या नकळत, उघड होत जाते.

२

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली जलालपूरचा. नाशिकजवळच्या गोदाकाठच्या या गावी त्यांचे बालपण ज्या घरात गेले, त्या घराचा कारभार सोवळ्याच्या भोवती फिरत होता. वडिलांचे सोवळे रूढ ब्राह्मणी सोवळ्याच्याही पलीकडे गेलेले, बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यापर्यंत पोचलेले. 'स्मृतिचित्रे'चा हा आरंभीचा भाग वाचून वर्ग नेहमी हसतो, आणि हसावे अशीच लेखिकेची इच्छा आहे. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ग्रंथाची पहिली ठळक प्रतिमा पाण्याची आहे, आणि त्या पाण्याचे काम जगाला दूर ठेवण्याचे आहे. पाणी येथे भीतीचे साधन झाले आहे. हा संदर्भ हाती धरून पुढील पाने वाचली तर एरवी विखुरलेले वाटणारे प्रसंग एका दोरीत येतात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी सुमारे दोन वर्षे, रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली होती, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारून गेले होते. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. या बातमीने लक्ष्मीबाई कोसळल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. पुढील काही वर्षे त्यांनी बहिणीच्या आणि माहेरच्या आधाराने काढली, त्यांतील काही काळ पंढरपुरास. त्यांच्या कवितेचा उगमही याच दुःखात आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पुढे त्या नवऱ्याजवळ राहावयास अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेल्या त्या हिंदू म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. 'नवऱ्यासाठी ख्रिस्ती झाल्या' हे उत्तर येथेच अडखळते; कारण नवऱ्यासाठी जे करावयाचे ते त्यांनी करून झाले होते, आणि त्यासाठी बाप्तिस्म्याची गरज पडली नव्हती. दोन धर्म एका छपराखाली नांदू शकतात हे त्यांनी आपल्या हट्टाने सिद्धच केले होते. वेगळ्या चुलीला सिद्धान्त म्हणता येईल काय, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला होता. माझ्या मते म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीला सिद्धान्त मांडण्याची ती एकच जागा मोकळी होती.

मग बदलले काय? राहुरीस असताना घडलेला विचाराचा प्रसंग हा या ग्रंथाचा खरा मध्य आहे. तेथे कोणी प्रवचन करीत नाही, दृष्टान्त होत नाही, आकाशवाणी होत नाही. लक्ष्मीबाई स्वतःशी एक साधा हिशेब करतात : जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा देहाचा भेद माणसांतही दिसला असता. तो दिसत नाही. तेव्हा हे काम माणसाचे. हिशेब संपतो आणि त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास मोकळ्या होतात. बाप्तिस्मा यानंतर, १९०० साली.

या प्रसंगाशी नव्या करारातील एक कथा ताडून पाहण्यासारखी आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्र यापो येथे घराच्या धाब्यावर प्रार्थनेस गेला असता त्याला भूक लागते. त्याला आकाशातून उतरणारे एक मोठे चादरीसारखे वस्त्र दिसते, त्यात नाना प्रकारचे पशू, सरपटणारे जीव आणि पक्षी असतात. मारून खा असा आदेश होतो. अशुद्ध काही मी आजवर खाल्ले नाही असे तो म्हणतो. देवाने जे शुद्ध केले त्याला तू अशुद्ध मानू नकोस असे उत्तर येते. हे तीनदा घडते. त्यानंतर पेत्र कर्नेल्य या परजातीय शताधिपतीच्या घरी पाऊल टाकतो. खाण्यापिण्याचे सोवळे, पशुपक्षी, आणि त्यांवरून माणसामाणसांतील भेदाच्या निरर्थकतेकडे येणे : दोन्ही ठिकाणी विचाराची सामग्री चकित करण्याइतकी सारखी आहे. फरक एवढाच की, पेत्राला दृष्टान्त लागला आणि लक्ष्मीबाईंना लागला नाही. त्यांचे निवेदन त्या कथेवर उभे नाही, आणि उभे नाही म्हणूनच हे साम्य मोलाचे आहे. जे शास्त्र म्हणून वाचावयाचे ते त्या अनुभव म्हणून गाठतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर बसून एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो, आणि ती स्त्रीच आश्चर्याने म्हणते की, तुम्ही यहूदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागता. मराठी वाचकाला या प्रसंगावर भाष्य लागत नाही. वरच्या जातीचा माणूस खालच्या मानलेल्या जातीच्या बाईजवळ पाणी मागतो आहे, हे आपल्याला आपल्या गावच्या पाणवठ्यावरून कळते. अहमदनगर भागातील ख्रिस्ती मंडळी बहुसंख्येने महार-मांग समाजांतून आलेली होती. जलालपूरच्या घरात जे पाणी जगाला दूर ठेवण्यासाठी होते, तेच पाणी या माणसांच्या हातून घेणे, हे लक्ष्मीबाईंच्या बाबतीत श्रद्धेचे पहिले दृश्य रूप आहे. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव 'भरली घागर' असावे, हा निव्वळ योगायोग मानावयास माझे मन तयार होत नाही; पण हे आपले जाता जाता.

हा विचार आणखी एका अंगाने पाहावयास हवा. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी लक्ष्मीबाईंचे वास्तव्य नाशिकास होते आणि येथेच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच जिल्ह्यातील येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. महाडचे चवदार तळे १९२७ चे. म्हणजे पाणी, स्पर्श आणि धर्मांतर हे तीन शब्द ज्या वर्षांत महाराष्ट्राच्या, विशेषतः नाशिकच्या, हवेत सर्वाधिक तापलेले होते, त्याच वर्षांत एक वृद्ध ब्राह्मण-ख्रिस्ती बाई तीन दशकांहून अधिक काळापूर्वीच्या एका घोटभर पाण्याची गोष्ट हसतखेळत सांगत होती. आपल्या समीक्षेने हे शेजारपण फारसे पाहिलेले नाही. पाहिले असते तर या विनोदाला केवळ 'निर्व्याज' म्हणणे जड गेले असते.

त्याचबरोबर या शेजारपणातून ग्रंथाची मर्यादाही दिसते. सोवळे सोडणे ही ज्याच्याजवळ सोवळे आहे त्याची मुक्ती होय. ज्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाईंनी घेतले त्यांना येशूवरील भरवशाने काय मिळाले, शाळा मिळाली की स्वमान मिळाला की आणखी एक उतरंड मिळाली, हे या ग्रंथात बाजूच्या पात्रांच्या रूपानेच येते. या ग्रंथावरून 'मराठी ख्रिस्ती अनुभव' असे सरसकट विधान करण्याचा मोह अभ्यासकांनी टाळला पाहिजे.

३

पैशाचा विषय वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः श्रद्धेची कसोटी येथे अधिक कठोर आहे.

टिळकांना ज्या डोंगरावरील प्रवचनाने जिंकले, त्यातच आकाशातील पाखरांचा आणि रानातील फुलांचा दाखला आहे : ती पेरीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, तरी त्यांना मिळते, तेव्हा उद्याची चिंता करू नका. टिळकांनी हे वचन अक्षरशः घेतले. हातात आलेला पैसा हातात टिकत नसे. मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना ठाऊक नव्हते. महिन्याचे गणित त्यांच्या स्वभावातच नव्हते. ते असे ख्रिस्ती होण्यापूर्वीही होते. श्रद्धेने त्यांच्या या स्वभावाला एक अधिष्ठान दिले, एवढेच. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना सामावून घेणारा 'देवाचा दरबार' उभा करण्याचा संकल्प केला, तेव्हा ठरलेल्या पगाराचा आधारही गेला. चरित्रकारांनी याला त्याग म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. नवरा उद्याची चिंता करीत नव्हता, तेव्हा ती कोण करीत होते?

उत्तर पानोपानी आहे. उद्याची चिंता घरातील बाई करीत होती. टिळकांचा देवावरील भरवसा लक्ष्मीबाईंच्या काटकसरीवर उभा होता, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल, खोटे होणार नाही. पाखरांना देव चारतो. पण टिळकांच्या घरी येणाऱ्या माणसांना लक्ष्मीबाई चारीत होत्या. आणि त्यांच्या निवेदनाचे थोरपण असे की, त्या हे कधी तक्रार म्हणून मांडीत नाहीत, आणि पुण्य म्हणूनही मांडीत नाहीत. त्या भांडणे सांगतात. टिळकांचा संताप, आपला हट्ट, रुसणे, माघार, पुन्हा तोच प्रकार. बाप्तिस्म्यानंतर ही भांडणे थांबल्याचे चित्र त्यांनी रंगविलेले नाही. टिळक तापट होते ते तापटच राहिले. त्या टोमणे मारीत, त्या पुढेही मारीतच राहिल्या.

धर्मप्रचाराच्या वाङ्मयात हे सहसा घडत नाही. तेथे जीवन पालटले की ते सगळेच पालटते : दारुडा दारू सोडतो, भांडखोर शांत होतो, आणि कथा संपते. अशा कथा खोट्याच असतात असे मी म्हणणार नाही. काहींच्या आयुष्यात तसे घडतही असेल. परंतु त्यांत सामान्य जीवन उरत नाही. 'स्मृतिचित्रे'त ते उरते. स्वभाव तोच राहतो आणि स्वभावाची दिशा बदलते. पूर्वी जो हट्ट चूल वेगळी ठेवण्यासाठी खर्ची पडत होता, तोच हट्ट पुढे परक्याचे मूल घरात ठेवण्यासाठी उपयोगी पडला. वडिलांच्या घरातून आलेली टापटीप आणि काटकसर, जी सोवळ्याच्या चाकरीत होती, ती दुष्काळाच्या आणि प्लेगच्या दिवसांत माणसांच्या चाकरीस लागली. ख्रिस्ती ईश्वरशास्त्रात याला काही नाव असेल. मला त्यासाठी 'वळण' हा घरगुती शब्द पुरेसा वाटतो. मूल वळण लागल्यावर दुसरे मूल होत नाही.

४

१८९९-१९०० च्या दुष्काळाने महाराष्ट्रात असंख्य मुले पोरकी केली. त्याच सुमारास प्लेगही होता. अहमदनगरच्या परिसरात मिशनने जी कामे हाती घेतली त्यांत टिळक दांपत्य होते. प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्यांच्या घरी पोरकी मुले राहू लागली, वाढू लागली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातही याच दुष्काळातील मुली आल्या. परंतु रमाबाईंनी संस्था उभी केली. लक्ष्मीबाईंनी संस्था काढली नाही. पानांची संख्या वाढविली.

हा भेद साहित्यदृष्ट्या महत्त्वाचा आहे. संस्थेच्या अहवालात मुले आकड्यांनी मोजली जातात आणि त्यांच्या पालटलेल्या जीवनाचे दाखले दिले जातात. घरात ती खोड्या करतात, आजारी पडतात, एकमेकांच्या कागाळ्या आणतात. लक्ष्मीबाई या मुलांकडे उपकारकर्तीच्या नजरेने पाहत नाहीत, कारण त्यांना तेवढी उसंतच नसते. ज्या बाईने स्वतःची मुले गमावली होती, तिने परक्यांच्या मुलांविषयी लिहिताना गळा भरून आणण्याचे सर्व प्रसंग जवळ असूनही भाषा कोरडी, चपळ आणि हसरी ठेवली आहे. करुणेला आपण साधारणतः ओल्या शब्दांशी जोडतो. येथे करुणा कृतीत आहे आणि शब्द कोरडे आहेत. विद्यार्थ्यांनी शैलीचा अभ्यास म्हणून या भागातील विशेषणे मोजून पाहावीत, असे मी सुचवितो. ती थोडी निघतात.

नाशिककरांना शरणपूर हे आज मुख्यतः एका रस्त्याचे नाव म्हणून माहीत आहे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेली ती ख्रिस्ती वस्ती होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुलेही तेथे वाढली, शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर लंडनपर्यंत गेला. गोदावरीच्या काठी 'शरण' हा शब्द अशा रीतीने दोन परंपरांनी वापरला : वारकऱ्याने विठ्ठलाला शरण जाण्यासाठी आणि मिशनने निराश्रिताला आसरा देण्यासाठी. पहिल्या अर्थी शरण जाणारा माणूस देवाच्या दारी उभा असतो; दुसऱ्या अर्थी कोणीतरी आपल्या दारी उभा असतो. काही काळ पंढरपुरात राहिलेल्या आणि पुढे पोरक्या मुलांची आई झालेल्या लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. टिळकांच्या 'अभंगांजली'त पहिल्या अर्थाचा सूर उंच लागला आहे. 'स्मृतिचित्रे'त दुसरा अर्थ दाराची कडी काढताना ऐकू येतो.

५

या वाचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. राहुरीचा प्रसंग घडून गेल्यावर तीन दशकांहून अधिक काळाने लक्ष्मीबाई तो सांगत आहेत. त्या वेळी त्या मुरलेल्या ख्रिस्ती आहेत, कवयित्री म्हणून मान्यता पावलेल्या आहेत, टिळकांचे माहात्म्य प्रस्थापित झालेले आहे. तेव्हा 'आचार आधी, बाप्तिस्मा मागून' हा क्रम स्मृतीने नंतर लावलेला असू शकेल. आत्मचरित्राच्या अभ्यासकाने ही शंका नेहमीच जवळ बाळगावी. तथापि उत्तरकालीन स्मृती जर काही सजवीत असती, तर तिने श्रद्धेच्या जागी श्रद्धेची भाषा घातली असती. निदान राहुरीच्या त्या क्षणी येशूचे नाव ठळकपणे आणले असते. निवेदन तेथे जातीचा प्रश्न सोडविते आणि थांबते. प्रचाराच्या दृष्टीने ही मोठी संधी वाया गेली आहे. ज्या स्मृतीने इतकी मोठी संधी सोडली, तिच्यावर मी विश्वास ठेवतो.

वर्गात याचा उपयोग कसा करावा, हा व्यावहारिक प्रश्न उरतो. 'स्मृतिचित्रे'तील उतारे अभ्यासक्रमात घेताना आपण प्रायः बालपणातील सोवळ्याचे विनोदी भाग आणि टिळकांच्या विक्षिप्तपणाचे किस्से निवडतो. त्यामागे सद्हेतू असतो. मिश्र वर्गात धर्माचा विषय नको, असा. परिणाम मात्र असा होतो की, पाण्याच्या प्रतिमेचा पहिला टोक विद्यार्थ्याला मिळतो आणि दुसरे मिळत नाही. त्याला एक हसरी आजीबाई भेटते, विचार करणारी बाई भेटत नाही. निदान जलालपूर आणि राहुरी हे दोन भाग एकत्र लावावेत. वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती विद्यार्थी असतात, आणि या दोन भागांवरील चर्चा कोणालाही दुखवीत नाही, असा माझा अनुभव आहे. उलट एका वर्षी एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या घरी आजही कोणासाठी वेगळा पेला ठेवलेला असतो हे सांगितले, आणि त्या दिवशीचा तास 'स्मृतिचित्रे'वरच राहिला, तरी तो १९०० सालात राहिला नाही.

आणखी एक काम अभ्यासकांसाठी शिल्लक आहे. टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे येशूचे काव्यमय चरित्र लिहावयास घेतले. दहा-अकरा अध्यायांपर्यंत येऊन ते थांबले, आणि १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठीतील या ख्रिस्तकाव्याचा फार मोठा भाग, कधी काळी ख्रिस्ती माणसाने स्पर्श केलेले पाणी टाळणाऱ्या स्त्रीच्या हातचा आहे. टिळकांचा हात जेथे सुटतो आणि लक्ष्मीबाईंचा लागतो, तेथील सांधा शब्दकळेच्या, छंदाच्या आणि विशेषतः घरगुती तपशिलांच्या अंगाने तपासला गेला पाहिजे. कान्याच्या लग्नातील पाण्याचे रांजण, शोमरोनी स्त्रीची विहीर, भाकरी वाढण्याचे प्रसंग : हे सारे येशूच्या प्रौढ चरित्रात पुढे येणारे प्रसंग आहेत, आणि ते लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले आहेत. 'स्मृतिचित्रे' हातात ठेवून ते अध्याय वाचावयास आरंभ करावा.